वृद्धाश्रमाचे मोजमाप

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी व वृद्ध भाविकांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही घरोघर जातो. अलीकडे त्या फेरीत वृद्धाश्रमांचीही भर पडली आहे. “फादर, आईला तिथे ठेवायचे म्हणतो. आश्रम चांगला आहे ना?” असे एका भाविकाने विचारले, तेव्हा ‘स्वच्छ आहे, माणसे प्रेमळ आहेत’ यापलीकडे आम्हांला काही सांगता आले नाही. आश्रम चांगला म्हणजे कसा आणि तो तसा आहे हे कोणी पाहावयाचे, या प्रश्नांना मोठा इतिहास आहे. तो इंग्लंडमध्ये सलगपणे पाहावयास मिळतो, म्हणून येथे थोडक्यात मांडीत आहोत.

इंग्लंडमध्ये १८३४ साली गरिबांविषयीचा नवा कायदा झाला. निराधाराला मदत हवी असेल तर त्याने ‘वर्कहाऊस’ नावाच्या आश्रयगृहात दाखल व्हावे, असा दंडक त्यातून रूढ झाला. आतील राहणी बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या राहणीहूनही खालची असावी, म्हणजे कोणी सुखासुखी आत येणार नाही, हे त्यामागील तत्त्व. म्हणजे मानक तेव्हाही होते. मात्र ते कमीत कमी किती द्यावे याचे नसून जास्तीत जास्त किती द्यावे याचे होते. हा धाक धडधाकटांसाठी होता. भरडले गेले ते म्हातारेही. पतिपत्नींना निरनिराळ्या विभागांत ठेवीत. साठी उलटलेल्या जोडप्यांना एकत्र राहू द्यावे, यासाठी १८४७ साली वेगळी तरतूद करावी लागली.

पुढे १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने जुनी व्यवस्था रद्द केली. वयामुळे किंवा दुर्बलतेमुळे काळजीची गरज असलेल्यांना निवारा देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले आणि खासगी वृद्धगृहांना नोंदणी व तपासणी लागू झाली. लहान, घरगुती निवासांचे स्वप्न मंत्र्यांनी दाखविले. परंतु कायदा बदलला म्हणून इमारती बदलल्या नाहीत.

हे उघड केले ते पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी इंग्लंड व वेल्समधील १७३ निवासांना भेटी दिल्या आणि १९६२ साली ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. हजारो वृद्ध अजून जुन्या वर्कहाऊसांच्याच इमारतींत राहत होते. ओळीने मांडलेल्या खाटा, स्वतःच्या वस्तू ठेवावयास जागा नाही, एकांत नाही, दिवसभर हाताला काम नाही. तेथील सर्वच कर्मचारी निर्दय होते असे नव्हे. रचनाच अशी होती की दयाळू माणसाचेही हात बांधले जात.

मानके लेखी उतरावयास त्यानंतरही दोन दशके लागली. १९८४ साली निवासांच्या नोंदणीचा नवा कायदा आला आणि त्याच वर्षी ‘होम लाइफ’ या आचारसंहितेने वृद्धाचा मान, खासगीपणा व निवड यांना प्राधान्य दिले. २००० च्या कायद्यानुसार २००२ साली वृद्धगृहांसाठी ३८ राष्ट्रीय किमान मानके लागू झाली. नव्या निवासातील एकट्याच्या खोलीत किमान १२ चौरस मीटर वापरण्याजोगी जागा हवी, इतका बारकावा त्यांत होता. जुन्या निवासांसाठीही खोल्यांची मापे घातली होती. परंतु खर्च न पेलल्याने निवास बंद पडतील अशी ओरड झाली आणि २००३ साली तो आग्रह सैल करावा लागला. मानकाला किंमत असते आणि ती कोणीतरी मोजावी लागते, हाही या इतिहासाचा धडा आहे.

आपल्याकडे आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. प्रत्येक जिल्ह्यात निदान एकापासून आरंभ करून, किमान दीडशे निराधार वृद्ध राहू शकतील असे आश्रम राज्य सरकार उभारू शकेल व त्यांची मानके ठरवू शकेल, असे त्याचे १९ वे कलम सांगते. ‘शकेल’, ‘उभारलेच पाहिजेत’ नव्हे. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला सांगावे लागले की, जिल्ह्याजिल्ह्यांत वृद्धाश्रम किती आहेत याची माहिती राज्यांकडून मिळवा. नोंदणी व किमान मानके यांची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले. ते संमत न होताच २०२४ साली त्या लोकसभेबरोबर संपले.

म्हणून आज पहिला तपासनीस आहे तो कुटुंबच. रात्री वृद्धांजवळ कोण असते? आईला स्वतःचे लुगडे, जपमाळ, फोटो जवळ ठेवता येतात काय? तिने तक्रार कोणाकडे करावयाची? आणि न कळविता भेटावयास गेलो तर दार उघडते काय? धर्मभगिनी चालवितात त्या आश्रमांतही हे प्रश्न विचारण्यात अविश्वास नाही. सेवा करणाऱ्यांनाही त्याने बळच येते.

आमचीही चूक आम्हांला उमगली आहे. आमचा शुक्रवार ठरलेला. त्या दिवशी चादरी धुतलेल्या असणारच. त्या भाविकाला आता आम्ही एवढेच सांगू: आईला ठेवावयाचे असेल तर ठेवा, पण वार न ठरविता जात राहा. आम्हीही तसेच जाऊ.