देवीरूप (छायाचित्रकला)

देवतेची चिन्हे स्वतःच्या अंगावर घेऊन स्त्री-कलावंताने कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचा कलाप्रकार. त्याची महाराष्ट्रातली पूर्वपीठिका राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात आहे. १८९४ मध्ये मुंबईत निघालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तिथल्या शिळाछापांनी लक्ष्मी-सरस्वतीला ठरीव चेहरा दिला आणि त्या तसबिरी कोकणातल्या देवघरांतही लागल्या. कोकणातले जुने देवीरूप मात्र निराळे: रत्नागिरीकडे शिमग्याच्या पालखीत लावलेली रूपे, दक्षिणेस सातेरी देवी म्हणून पुजले जाणारे वारूळ. नमन-खेळे या तिथल्या लोकनाट्यातली स्त्रीसोंगे परंपरेने पुरुषच वठवीत आले.

पुष्पमाला एन. (जन्म १९५६, बंगळूर) या मूळच्या शिल्पकार. छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह त्यांनी ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ (२०००–०४) ही मालिका केली. रविवर्मा यांची लक्ष्मी, विजापुरी चित्रातली योगिनी, वेलांकणीची माता ही रूपे त्यांनी रंगवलेले पडदे, पोशाख व दागिन्यांसह स्वतः धारण केली. याच मालिकेत त्या मोजमापाच्या चौकटींपुढे तोडा जमातीतली स्त्री म्हणूनही उभ्या आहेत. वसाहतकाळात मानववंशाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या छायाचित्रांचा तो पुनर्प्रयोग. पुजली जाणारी आणि मोजली जाणारी बाई इथे एकाच देहात भेटते. मालिकेचे मोठेपण यातच आहे. तसबिरीतली लक्ष्मी कमळावर निर्भार असते; छायाचित्रातल्या लक्ष्मीला वजन आहे.

पुष्पमाला यांचे मुंबईतील काम: जे. एच. ठक्कर (इंडिया फोटो स्टुडिओ, दादर) यांनी टिपलेली नवरस-मालिका.

क्यूबात या प्रकाराला आफ्रिकी वंशाच्या धर्मपरंपरांचे, विशेषतः योरुबा मुळाच्या सांतेरियाचे आणि पालो मोंतेचे, अधिष्ठान आहे. मार्ता मारिया पेरेस ब्राव्हो (जन्म १९५९, हवाना) यांनी कृष्णधवल चित्रांत स्वतःच्या देहालाच पूजास्थान केले. मूळच्या क्यूबाच्या आना मेंदिएता (१९४८–८५) यांनी ‘सिलुएता’ मालिकेत माती, पाने, अग्नी यांनी स्त्रीदेहाची आकृती भूमीवर उमटवली. वारुळाला आई म्हणणाऱ्याला ती परकी वाटू नये. अशी चित्रे भक्तीची की चिकित्सेची, याविषयी मतभेद आहेत.

पेरेस ब्राव्हो यांच्या ‘पारा कोन्सेबीर’ (१९८५–८६) मालिकेचा विषय गर्भवतीवरचे लोकनिषेध हा आहे. प्राण्याची हत्या करू नये, पाहूही नये, हा त्यांतला एक. त्या चित्रात त्यांच्या भरल्या पोटाशी हातात सुरी आहे. असा निषेध कोकणातही आहे: ग्रहण पाळणाऱ्या गरोदर बाईला विळी-सुरीला हात लावू देत नाहीत.