दारुहळदीचा आतड्यातील प्रवास

हिमालयाच्या उतारांवर वाढणाऱ्या दारुहळद या काटेरी झुडपाचे स्वयंपाकातल्या हळदीशी कुळाचे कोणतेही नाते नाही. मुळाच्या व खोडाच्या लाकडाचा गडद पिवळा रंग एवढेच दोघींतील साम्य असून, संस्कृतातील ‘दारु’ म्हणजे लाकूड यावरून तिला हे नाव मिळाले. हा रंग बर्बेरीन या कडू अल्कलॉइडचा, म्हणजे वनस्पतीत तयार होणाऱ्या नायट्रोजनयुक्त द्रव्याचा आहे. तिचा काढा आटवून केलेला घट्ट अर्क म्हणजे रसांजन किंवा रसौत, आणि तो फार पूर्वीपासून देशाबाहेर जात असावा. कारण इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारग्रंथात सिंधूच्या मुखावरील बार्बरिकोन आणि बॅरिगाझा म्हणजे भडोच या बंदरांच्या निर्यातीत ‘लायकिऑन’ हे औषध नोंदलेले आहे, आणि ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीजने वर्णिलेले भारतीय लायकिऑन म्हणजे रसौतच, असे मत जॉन फोर्ब्स रॉयल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३०च्या दशकात मांडले.

आयुर्वेदात रसांजन अतिसारावर वापरले जाई, तर चरकसंहितेत प्रमेहावरील, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकारांच्या गटावरील, काढ्यात ‘दार्वी’ या नावाने दारुहळद येते. या दोन्ही उपयोगांमागे जिवाणूंचा संबंध असल्याचे पुढे दिसले, तरीही ‘प्राचीनांना जिवाणू ठाऊक होते’ असा निष्कर्ष त्यातून काढणे हा त्या वैद्यांच्या निरीक्षणशक्तीवरही अन्याय आहे आणि नंतरच्या संशोधकांच्या कष्टांवरही.

या कष्टांचा एक महत्त्वाचा टप्पा परळच्या हाफकिन संस्थेत घडला. मोठ्या सशांना तोंडावाटे पटकीचे जंतू दिले तरी रोग सहसा होत नाही, ही प्रयोगातील मोठी अडचण होती; १९५५मध्ये एन. के. दत्ता आणि एम. के. हब्बू यांनी सशांची तान्ही पिल्ले वापरून ती दूर केली, आणि औषधे पारखण्यासाठी एक विश्वासार्ह पद्धत हाती आली. पुढे १९६२मध्ये दत्ता आणि पानसे यांनी याच पद्धतीने पटकीवरील बर्बेरीनचा उपयोग तपासला. १९८७मध्ये प्रसिद्ध झालेल्या ढाक्यातील चाचणीत मात्र चित्र संमिश्र निघाले: विष सोडणाऱ्या इ. कोलाय जिवाणूंमुळे होणाऱ्या जुलाबांत बर्बेरीनने पाण्याचा ऱ्हास स्पष्टपणे कमी केला, पण पटकीत फरक किरकोळच राहिला. तोवर जलसंजीवनीने पटकीचा उपचारच बदलून टाकला होता, त्यामुळे या द्रव्याचा पुढचा अभ्यास दुसऱ्याच दिशेने झाला.

ती दिशा चीनमधून मिळाली. तेथे हुआंगलियान या वनस्पतीच्या मुळातील बर्बेरीन जुलाबांवर स्वस्त गोळ्यांच्या रूपात दिले जाई, आणि अशा उपचारात मधुमेही रुग्णांच्या रक्तातील साखरही उतरत असल्याचे १९८८मध्ये नोंदवले गेले. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, ३६ नव्या रुग्णांमध्ये, बर्बेरीनचा परिणाम मेटफॉर्मिन या मधुमेहावरील नेहमीच्या औषधाच्या तोडीचा दिसला. येथे खरे कोडे उभे राहिले: तोंडावाटे घेतलेल्या बर्बेरीनपैकी १ टक्काही मूळ रूपात रक्तात पोहोचत नाही, मग ते साखर कशी उतरवते?

२०१५मध्ये चिनी संशोधकांनी दाखवले की आतड्यातील जिवाणू नायट्रोरिडक्टेज या विकरांच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या, साहाय्याने बर्बेरीनचे डायहायड्रोबर्बेरीनमध्ये रूपांतर करतात. हे रूप अधिक सहज शोषले जाते आणि आतड्याच्या ऊतींत पुन्हा बर्बेरीन होते. द्रव्य जिवाणूंवर काम करते, तसे जिवाणूही द्रव्यावर काम करतात, ही त्यातली विलक्षण गोष्ट. २०२०मध्ये ४०९ रुग्णांच्या चाचणीतून दुसरा धागा पुढे आला: यकृतात तयार होणाऱ्या पित्ताम्लांपासून डीऑक्सिकोलिक आम्ल बनण्याची जी क्रिया रुमिनोकोकस ब्रोमी या जिवाणूशी जोडलेली आहे, तिला बर्बेरीन आळा घालते, आणि साखर उतरण्याचा काही भाग तेथून येतो. परळच्या प्रयोगशाळेत जिवाणू केवळ शत्रू होता. येथे तो चयापचयाचा, म्हणजे अन्नापासून ऊर्जा घेण्याच्या क्रियांचा, भागीदार ठरला.

अर्थात हे निष्कर्ष शुद्ध बर्बेरीनच्या मोजलेल्या मात्रांचे आहेत. बाजारातील दारुहळदीच्या मुळात त्याचे प्रमाण एकसारखे नसते, आणि दक्षिण भारतात तर कॉसिनियम या पश्चिम घाटातील वेलाचे खोडही त्याच नावाने विकले जाते.