ग्राफाइट ऑक्साइडची दीड शतके

ऑक्सफर्डचे रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन कॉलिन्स ब्रॉडी यांनी १८५९ मध्ये ग्राफाइटचा अणुभार ठरवण्याच्या हेतूने ते पोटॅशियम क्लोरेट आणि धूमायमान नायट्रिक आम्लाच्या मिश्रणात वारंवार मुरवले, तेव्हा हाती आलेला फिकट पिवळा पदार्थ, म्हणजे आज ज्याला ग्राफाइट ऑक्साइड म्हणतात तो, शुद्ध पाण्यात पसरतो पण आम्लयुक्त पाण्यात पसरत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. थरांना जडलेल्या ऑक्सिजनयुक्त गटांवर पाण्यात ऋणभार येतो आणि त्यामुळे थर परस्परांना दूर लोटतात, हे या निरीक्षणामागील कारण. क्लोरेटच्या रीतीत स्फोटाचा धोका होता. १९५८ मध्ये हमर्स आणि ऑफमन यांनी सल्फ्युरिक आम्ल, सोडियम नायट्रेट व पोटॅशियम परमँगनेट वापरून तो टाळला.

जर्मनीतील हान्स-पीटर बोएम यांनी १९६२ मध्ये अल्कधर्मी पाण्यात विखुरलेल्या या ऑक्साइडचे हायड्राझीनने क्षपण केले, म्हणजे त्यातील ऑक्सिजन काढून घेतला, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कार्बनचे अतिशय पातळ पापुद्रे पाहिले. २००४ मध्ये ग्राफाइटपासून ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एकच अणू जाडीचा थर, वेगळा काढणाऱ्या गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांच्या गौरवात हे काम झाकोळले जावे, हा इतिहासाचा अन्याय आहे. क्षपणाने ऑक्सिजन गेला की थर पुन्हा एकमेकांना चिकटतात, ही अडचण मात्र उरली. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अमोनियाने पाणी अल्कधर्मी ठेवून उरलेला ऋणभार टिकवला, तर स्पेनमधील गटाने डायमिथाइल फॉर्मामाइड, टेट्राहायड्रोफ्युरान यांसारख्या सेंद्रिय द्रावकांत ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे ग्राफाइट ऑक्साइडचे सुटे थर, स्थिरपणे विखुरता येते हे दाखवले.