नांवें अनेक, बाप्तिस्मा एक

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं मुंबई बेटावरील कॅथलिक जनांची पूर्वपीठिका वाचकांपुढें थोडक्यांत मांडावी, असा आमचा मानस आहे.

दादरचें तारणमातेचें देऊळ फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनीं १५९६ सालीं स्थापिलें. आजची इमारत विसाव्या शतकांतील आहे; परंतु अवघें दादर त्यास अद्यापि 'पोर्तुगीज चर्च' म्हणूनच ओळखतें. वस्तुतः तेथें बाप्तिस्मा घेणारे बहुतेक लोक या बेटांवरचेच होते व त्यांच्या घरीं मराठीच बोलली जाई. परंतु राज्यकर्त्यांच्या नांवानें प्रजेस ओळखण्याची रूढि पडली, आणि 'आपण कोण?' हा प्रश्न आपल्या पूर्वजांच्या मागें लागला.

पुढें राज्य पालटलें. १६६५ सालीं मुंबई इंग्रजांच्या हातीं आली. १७१९ सालीं परळ येथील जेसुइटांचा मठ त्यांनीं जप्त केला. पुढें तेथें गव्हर्नरसाहेब राहूं लागले, आणि १८९९ सालीं त्याच वास्तूंत डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. १७२० सालीं पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांस घालवून कार्मेलाइट धर्मगुरूंस आणण्यांत आलें. १७९४ सालीं तर देवळांचीच वांटणी झाली: कांहीं गोव्याच्या आर्चबिशपांकडे, कांहीं रोमनें नेमिलेल्या व्हिकरांकडे. १८५३ सालीं माहीमच्या देवळाच्या ताब्यावरून इतका कलह माजला कीं, बिशप हार्टमान यांनीं देवळांतच स्वतःस कोंडून घेतलें. हा दुहेरी अधिकार १९२८ च्या करारानें संपला. त्याचें स्मरण सुखद नाहीं. पण तें झांकून ठेवणें सत्यास धरून होणार नाहीं.

१८८७ सालीं, राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीच्या वर्षीं, आपल्या लोकांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव स्वतः घेतलें. गोवा व मंगळूरहून आलेल्या कॅथलिकांहून आपण निराळे, कंपनी सरकारची जुनी प्रजा, हें सरकारास कळावें व नोकऱ्या मिळाव्या, हा त्यांतील हेतु होता. पोटाच्या चिंतेस आम्ही दोष देत नाहीं. परंतु तीस वर्षेंही लोटलीं नाहींत तोंच, १९१६ सालीं, त्याच समाजांतील माजगांवचे जोसेफ बाप्तिस्ता लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले. १९२५ सालीं ते मुंबईचे मेयर झाले. लोक त्यांस प्रेमानें 'काका' म्हणत. ख्रिस्ती राहूनच ते देशाचे झाले. साहेबाची मर्जी हा आपल्या धर्माचा पाया नव्हता, याचें याहून स्पष्ट उत्तर कोणतें?

मग पाया कोणता? १८९६ सालीं प्लेग आला, तेव्हां भयभीत लोकांनीं वाड्यावाड्यांतून क्रूस उभारले. गिरगांव-माजगांवांत जुने क्रूस आजही दिसतात. दुहेरी अधिकार त्या वेळींही होताच. पण मरणाच्या दारीं कोण कोणत्या बिशपांचा, हें विचारण्याचें कारण उरलें नव्हतें. सर्वांचा बाप्तिस्मा एकच होता.

आज आपल्या बांकांवर मराठी, कोंकणी, तमिळ बोलणारे शेजारीं शेजारीं बसतात. तरुणांनीं आपली बोली व चालीरीति अवश्य जपाव्या. परंतु जातीचें, प्रांताचें किंवा राज्याचें नांव बदललें म्हणून मनानें डळमळूं नये. बाप्तिस्म्याच्या कुंडापाशीं आपणांस जें नातें मिळालें, तें कोणाही सरकारनें दिलेलें नाहीं व कोणाही सरकारास तें काढून घेतां येणार नाहीं. तें ओळखून एकमेकांशीं बंधुभावानें वागण्याची कृपा प्रभु येशू ख्रिस्त आपणां सर्वांस देवो, हीच या ज्युबिलीदिनीं आमची प्रार्थना.