यूएसबी केबलमधला छुपा वाय-फाय : धोका काय, काळजी काय?

वारंगा फाट्यावर नांदेड, हिंगोली आणि नागपूरकडचे रस्ते एकत्र येतात. गाडीची वाट बघताना मोबाइलची बॅटरी संपत आली, की आपण सहज म्हणतो, "भाऊ, जरा चार्जर द्या." त्यात गैर काही नाही. पण केबलच्या आत छोटा कॉम्प्युटर लपवता येतो, हे आपल्या घरात बहुतेकांना माहीत नसतं.

ही केबल काय करते?
दिसायला ती साधीच असते, चार्जिंगही होतं. मात्र तिच्या टोकात एक चिप आणि वाय-फाय असतं. कॉम्प्युटरला जोडली की ती स्वतःला 'कीबोर्ड' म्हणून ओळख देते. मग वाय-फायच्या टप्प्यात असलेला माणूस आपल्या मोबाइलवरून त्या कॉम्प्युटरवर हवं ते टाइप करू शकतो. कॉम्प्युटरला वाटतं, मालकच टाइप करतोय. त्यामुळे अँटिव्हायरस अनेकदा गप्प राहतो.

हे आलं कुठून?
अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेकडे 'कॉटनमाउथ' नावाचं असं उपकरण होतं. 2013 मध्ये फुटलेल्या कागदपत्रांत 50 नगांची किंमत दहा लाख डॉलरच्या वर होती. 2019 मध्ये एका सुरक्षा संशोधकाने 'ओ.एमजी केबल' दाखवली. तपासणीच्या कामासाठी बनवलेली ही केबल आज शे-दोनशे डॉलरला मिळते.

आपल्याला धोका किती?
खरं सांगायचं तर फाट्यावरच्या प्रत्येक चार्जरला घाबरायचं कारण नाही. एवढी महाग केबल कुणी उगाच ठेवत नाही. जास्त जपायचा तो शाळेचा, दुकानाचा, ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या केंद्राचा कॉम्प्युटर. हज अर्जासाठी दिलेला पासपोर्ट, मुलींच्या शिष्यवृत्तीचं आधार आणि बँक पासबुक, सगळं तिथे असतं. ती लोकांची अमानत आहे. एका केबलने अनेक घरांची कागदपत्रं बाहेर जाऊ शकतात.

काय करावं?
• प्रवासात स्वतःची केबल आणि चार्जर किंवा पॉवर बँक ठेवा.
• सापडलेली, फुकट मिळालेली केबल कॉम्प्युटरला लावू नका.
• "सर, मोबाइल चार्जिंगला लावू का?" असं कुणी विचारलं, तर कॉम्प्युटर नको, भिंतीतला प्लग दाखवा.
• जागेवरून उठताना कॉम्प्युटर लॉक करा. चार्जिंगला लावलेला मोबाइलही लॉक ठेवा.
• स्क्रीनवर 'ट्रस्ट' किंवा 'फाइल ट्रान्सफर' असं विचारलं, तर नकार द्या.
• केबल लावताच खिडक्या आपोआप उघडू लागल्या, अक्षरं उमटू लागली, तर ती लगेच काढा, इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदला.

पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा आणि बँकेला कळवा. हे सगळं आज रात्री जेवताना मुलांनाही सांगा. केबल मागायला तीच पुढे असतात.