जांवयाचे दोन मान

अधिक मास आला कीं माजलगांव तालुक्यांतील गोदाकांठच्या पुरुषोत्तमपुरीकडे यात्रेकरूंची रीघ लागते. हें क्षेत्र जुनें आहे. येथें सांपडलेला रामचंद्रदेव यादवाचा ताम्रपट शके १२३२ चा, म्हणजे इ. स. १३१० चा आहे. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं अपुरें पडतें. ती तूट भरून काढण्यासाठीं दर साडेबत्तीस महिन्यांच्या सुमारास एक महिना वाढवावा लागतो. हाच पुरुषोत्तम मास आणि हाच जांवयाच्या मानाचा महिना. लेक लक्ष्मी आणि जांवई नारायण असें मानून त्याला तेहतीस अनारशांचें वाण देतात व पुरणाचे धोंडे जेवूं घालतात.

परंतु याच बीड जिल्ह्यांत, केज तालुक्यांतील विडा या गांवीं, याच नारायणाला धुळवडीच्या दिवशीं गाढवावर बसवितात! या मिरवणुकीला शास्त्राचा आधार नाहीं कीं सरकारचा हुकूम नाहीं. सुमारें नव्वद वर्षांपूर्वीं, मराठवाडा निजामाच्या राज्यांत असतांना, गांवांतील एक मातब्बर गृहस्थ आनंदराव देशमुख यांचे जांवई रंग खेळावयास तयार होईनात, असें सांगतात. सासर्‍यांनीं सजविलेलें गाढव आणविलें, जांवयास त्यावर बसवून देवळापर्यंत वाजतगाजत नेलें, आरती ओवाळली, नवीं वस्त्रें दिलीं आणि सोन्याची अंगठी बोटांत घातली. ती एका घरची थट्टा सार्‍या गांवाची चाल झाली. आजहि गांवचा सर्वांत नवा जांवई हुडकावयास तीन-चार दिवस जातात, आणि तो ऐन वेळीं पसार होऊं नये म्हणून त्याच्यावर नजर ठेवावी लागते. मिरवणूक गांवाच्या मध्यभागांतून निघते ती मारुतीच्या देवळाशीं संपते.

एका माणसाच्या थट्टेचा सण कसा होतो? अमेरिकेंतील एक उदाहरण बोधप्रद आहे. ऑरेगॉन राज्यांतील जॉन बाऊर व मार्क समर्स या दोन मित्रांनीं १९९५ सालीं खेळतां खेळतां ठरविलें कीं, वर्षांतून एक दिवस समुद्रावरील चांच्यांच्या भाषेंत बोलावें. त्यासाठीं त्यांनीं १९ सप्टेंबर हा दिवस नेमला. सात वर्षें ही गंमत मित्रमंडळींतच राहिली. २००२ सालीं डेव्ह बॅरी या विनोदी लेखकानें वर्तमानपत्रांत तिच्यावर लिहिलें आणि इंटरनेटनें ती देशोदेशीं पोंचविली. दोन्ही ठिकाणीं थट्टा टिकली ती दोन कारणांनीं. एक म्हणजे ठरलेला दिवस, आणि दुसरें म्हणजे दर वर्षीं नव्या माणसास घेतां येईल असें सोंग. थट्टा करणारा गेला तरी सोंग मागें राहतें.

मात्र विड्याच्या सोंगांत एक धोका आहे. गाढवावरची स्वारी ही मूळची शिक्षा. अपराध्याची धिंड तशीच निघे. धिंडेची मिरवणूक झाली ती शेवटच्या आरतीमुळें आणि अंगठीमुळें. आधीं हसावयाचें आणि मग ओवाळावयाचें, हा क्रम मोडला तर उरेल ती केवळ विटंबना. वर्तमानपत्रांतून व मोबाईलवरून या मिरवणुकीचीं चित्रें आतां दूरवर जातात. परक्या माणसाच्या नजरेंत गाढव तेवढें भरतें. अंगठी भरत नाहीं. म्हणून जांवयाचा राजीखुशीचा होकार हाच या प्रथेचा खरा पाया समजला पाहिजे, आणि मुक्या जनावराचे हाल न होऊं देणें हेंहि गांवाचेंच कर्तव्य.

तरीहि या थट्टेंत एक शहाणपण आहे. आपल्याकडे मुलीच्या बापानें सदैव वांकावें आणि जांवयाच्या मानापायीं प्रसंगीं कर्ज काढावें, अशी रीत. धोंड्याचें वाण प्रेमानें दिलें तर गोड, मागून घेतलें तर कडू. ज्या समाजांत जांवई बारा महिने नारायण असतो, तेथें एका सकाळीं त्यानें हसत हसत गाढवावर बसावें आणि सासर्‍यानें मोकळ्या मनानें हसावें, हें कांहीं वाईट नाहीं. अनारसे खाण्यास कोणीहि तयार असतो. गाढवावर बसून जो हसतो, तोच घरचा होतो.