गोदीतले घराणे

मुंबईच्या जुन्या कोटाला लागून, समुद्राच्या काठी, दगडी बांधणीच्या काही गोद्या आहेत. आज तो परिसर भारतीय नौदलाच्या ताब्यात आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत येथून सागवानी जहाजे पाण्यात उतरत. त्यांची संख्या तीनशेहून अधिक सांगितली जाते. पेशवाई अस्ताला गेली, कंपनी सरकार जाऊन राणीचे राज्य आले, तरी या गोदीतील मुख्य कारागिराचे पद 1736 पासून सुमारे दीडशे वर्षे एकाच पारशी घराण्यात राहिले. ते घराणे वाडियांचे. बाप मिळवतो, मुलगा राखतो आणि नातू उधळतो, असा पिढीजात धंद्यांचा अनुभव पुष्कळदा येतो. वाडियांच्या बाबतीत तो खोटा का ठरला, हे पाहण्यासारखे आहे.

घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी हे सुरतेस एका पारशी जहाजबांधणी करणाराकडे मुकादम होते. 1735 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा डडली नावाचा अधिकारी एका जहाजाच्या कामासाठी सुरतेस गेला. लवजींचे कसब पाहून त्याने त्यांना मुंबईस येण्याचा आग्रह केला. हाती घेतलेले जहाज पुरे झाल्याखेरीज आणि मालकाची संमती मिळाल्याखेरीज लवजी निघाले नाहीत, असे सांगतात. मग ते थोडे सुतार बरोबर घेऊन मुंबईस आले. 1750 मध्ये येथे पहिली सुकी गोदी तयार झाली. मलबारचे साग येथे येऊ लागले आणि मुंबईच्या जहाजांचा लौकिक पसरला. इंग्लंडातील ओकपेक्षा साग पाण्यात अधिक टिके. त्याच्या अंगच्या तेलामुळे आतले लोखंडी खिळेही लवकर गंजत नसत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गोदी वाडियांची नव्हती. ती कंपनीची होती. लाकूड कंपनीचे आणि पैसाही कंपनीचा. वाडियांचे स्वतःचे असे त्या गोदीत एकच होते, ते म्हणजे हातातले कसब. पेढी, जमीन किंवा वाडा मृत्युपत्राने मुलाला देता येतो. कसब तसे देता येत नाही. प्रत्येक पिढीला ते नव्याने मिळवून सिद्ध करावे लागते.

लवजींनी हे ओळखले होते. त्यांचे नातू फ्रामजी माणेकजी आणि जमशेदजी बमनजी हे गोदीत आले, तेव्हा मुख्य कारागिराचे नातू म्हणून त्यांना मानाची जागा मिळाली नाही. साध्या सुतारांच्या ओळीत, महिना 12 रुपये पगारावर, त्यांनी करवत आणि तासणी हाती धरली. लवजी 1774 मध्ये वारले. त्यांच्या मागे माणेकजी आणि बमनजी या दोघा मुलांनी मिळून काम पाहिले. पुढे त्यांच्या जागी हे दोघे चुलतभाऊ आले, एकेका शाखेतून एकेक. दोन्ही शाखांना वाटा मिळाल्यामुळे भाऊबंदकीला तेथे फारसा अवसर उरला नाही. शिवाय एकाचा हात थांबला, तर दुसऱ्याचा हात तयार असे.

महिना 12 रुपयांवर राबलेल्या जमशेदजींच्या हातून पुढे काय घडले, ते प्रसिद्ध आहे. 1810 मध्ये त्यांनी बांधलेले ‘मिंडेन’ हे ब्रिटिश आरमारासाठी इंग्लंडबाहेर तयार झालेले पहिले मोठ्या पंक्तीचे लढाऊ जहाज होय. 1813 च्या ‘कॉर्नवॉलिस’वर 1842 मध्ये इंग्रज आणि चीन यांच्यातील नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या. ‘ट्रिंकोमाली’च्या कण्यात जमशेदजींनी पारशी रिवाजाप्रमाणे रुप्याचा खिळा ठोकला होता. 1817 मध्ये पाण्यात उतरलेले ते जहाज दोनशे वर्षे उलटून गेली तरी इंग्लंडातील हार्टलपूल येथे अजून तरंगते आहे.

पण ज्या विद्येवर घराणे उभे होते, त्या विद्येचाच काळ सरत आला. 1829 मध्ये याच गोदीत जमशेदजींचे चिरंजीव नवरोजी यांनी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली आणि पुढल्या वर्षी ती सुएझपर्यंत जाऊन आली. सांगाडा वाडियांच्या सागाचा होता, पण तिचे काळीज, म्हणजे वाफेचे यंत्र, इंग्लंडातून आणावे लागले. आजोबांची तासणी कितीही धारदार असली तरी तिने यंत्र घडत नव्हते.

अशा वेळी कीर्तिमान घराणी बहुधा जुन्या कीर्तीला कवटाळून बसतात. नवरोजींनी तसे केले नाही. 1838 मध्ये त्यांचे चिरंजीव जहांगीर आणि पुतणे हिरजीभाई मेरवानजी हे इंग्लंडास गेले आणि चॅटमच्या गोदीत उमेदवारी करून नवी विद्या शिकले. ज्या इंग्रजांना वाडियांची जहाजे हवी होती, त्यांच्याच गोदीत वाडियांची मुले विद्यार्थी होऊन राहिली.

त्याच घराण्यातील अर्देशीर खरशेदजींनी तर याहून मोठी मजल मारली. त्यांना तरुणपणापासून यंत्रांचा नाद होता. 1834 मध्ये त्यांनी माझगावातील आपला बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळला. 1839 मध्ये ते इंग्लंडास गेले. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. परत आल्यावर कंपनीच्या मुंबईतील वाफेच्या कारखान्याचे मुख्य अभियंतापद त्यांच्याकडे आले आणि इंग्रज कारागीर त्यांच्या हाताखाली काम करू लागले. ही व्यवस्था काही इंग्रजी वृत्तपत्रांना रुचली नाही. अर्देशीरांनी 1857 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते पद सांभाळले.

तथापि, एकट्यादुकट्याच्या बुद्धिमत्तेने काळाचा ओघ फिरत नाही. लोखंडी जहाजांचे कारखाने इंग्लंडातच वाढले. 1863 मध्ये येथील आरमार मोडण्यात आले आणि 1885 च्या सुमारास वाडियांचे ते पदही संपले. कसब होते, पण ज्या वस्तूला ते कसब लागे, तिलाच मागणी राहिली नाही. घराण्याची कथा येथेच संपती तर नवल नव्हते.

ती संपली नाही, कारण त्याआधीच घराण्यातील एकाने निराळी वाट धरली होती. नवरोजी नसरवानजी वाडिया यांनी 1879 मध्ये मुंबईत सूत रंगवण्याचा लहानसा कारखाना काढला. लाल, हिरव्या आणि नारिंगी रंगांत हाताने बुडवलेले सूत उन्हात वाळत घालायचे, एवढाच तो आरंभ होता. पुढे ‘बॉम्बे डाइंग’ या नावाने त्याचा विस्तार झाला. दीडशे वर्षे जहाजे बांधणाऱ्या घराण्याने पुन्हा पहिल्या पायरीवर बसून नवा धंदा शिकण्यात कमीपणा मानला नाही.

लवजींनी नातवांना दिलेला खरा वारसा बहुधा हाच असावा. सागाची विद्या तीन-चार पिढ्या पुरली आणि कालबाह्य झाली. परंतु गादीवर बसण्याआधी सुतारांच्या ओळीत उभे राहण्याची सवय चॅटमच्या गोदीत उपयोगी पडली आणि सुताच्या रंगातही उपयोगी पडली. आपल्या मुलांना चालता धंदा ठेवून जाणारे वडील पुष्कळ असतात. धंदा बसला तरी नव्याने आरंभ करण्याची लाज वाटू नये, अशी मुले घडवणारे थोडे. लवजी त्या थोड्यांपैकी होते.